घरट्यातील आई आणि घराचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:६-८, निर्गम २१:३३-३४, गणना ११:३१-३४



अनुवादाचा बाविसावा अध्याय उपासनेत सहसा वाचला जात नाही. जुन्या घराच्या कोठीत विळे, दोरखंड, बियाणे आणि कंदील एकाच कोपऱ्यात ठेवलेले असावेत, तसा तो अध्याय आहे. शेजाऱ्याचा चुकलेला बैल परत नेऊन द्यावा, बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नयेत, वस्त्राला गोंडे लावावेत, अशा लहानमोठ्या आज्ञा त्यात एकामागून एक येतात आणि वाचणारा पाने उलटून पुढे जातो. परंतु ह्याच अध्यायात सहाव्यापासून आठव्या वचनापर्यंत दोन आज्ञा शेजारी शेजारी आहेत. बालाघाट जिल्ह्यातील आणि वैनगंगेच्या खालच्या अंगाला गोंदिया-भंडाऱ्याकडे राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी आज त्या मुद्दाम वाचाव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली आज्ञा घरट्याची. वाटेने जाताना झाडावर किंवा भुईवर पाखराचे घरटे आढळले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेण्यास मोकळीक आहे. आईला मात्र धरायचे नाही, तिला जाऊ द्यायचे. दुसरी आज्ञा घराची. नवे घर बांधले तर धाब्याला कठडा करायचा, नाही तर कोणी वरून पडून मरेल आणि त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल.

पहिल्या आज्ञेला एक अभिवचन जोडलेले आहे. ती पाळणाऱ्याचे कल्याण होईल आणि त्याला दीर्घायुष्य लाभेल. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला हेच अभिवचन आहे, हे पाचव्या अध्यायात पाहावे. यहूद्यांच्या जुन्या शिक्षकांच्या ध्यानात हे आले होते. घरट्याची आज्ञा ते सर्वांत हलकी समजत, कारण ती पाळायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आणि हलक्या आज्ञेला जर एवढे फळ, तर जड आज्ञांना किती असेल, असा त्यांचा विचार होता. तेराव्या शतकात स्पेनमध्ये मोशे बेन नाहमान नावाचे एक मोठे यहूदी शास्त्री होऊन गेले. त्यांनी ह्या वचनावर लिहिताना असा अर्थ काढला की, देवाने जनावर मारून खाण्याची परवानगी दिली आहे, पण एखाद्या जातीचा वंशच बुडवण्याची परवानगी दिलेली नाही. जो आई आणि पिले दोन्ही एका दिवशी घेतो तो जणू त्या जातीचाच उच्छेद करतो. सातशे वर्षांपूर्वीचे हे भाष्य आहे. तेव्हा वनखाते नव्हते आणि अभयारण्येही नव्हती.

आता हे वचन घेऊन आपल्या जिल्ह्यात येऊ. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण नातीगोती, लग्ने आणि बाजार कधी राज्याच्या सीमेवर थांबले नाहीत. वैनगंगेच्या काठाने धानाची शेते आणि त्यांच्या पाठीशी सातपुड्याचे जंगल, असा हा मुलूख आहे. बैहर तालुक्यातल्या मुक्कीच्या फाटकातून दरवर्षी देशोदेशीचे लोक कान्हाचे वाघ पाहायला आत जातात. त्याच जंगलाच्या अलीकडच्या गावांतून रात्री कोणी मोटारसायकलवर पिशवी अडकवून निघतो. पिशवीत चितळ असते, रानडुक्कर असते, कधी भेकर, कधी ससा, कधी घोरपड. आधी फोनवर सांगून ठेवलेले असते. हे मटण बाजारात कधी मांडले जात नाही. ते मागच्या दाराने येते, आणि भावाची फारशी घासाघीस होत नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघांनाही घाई असते. पाहुणे नागपूरहून येणार असतात, मुलीला पाहायला मंडळी यायची असतात, किंवा नाताळचा दुसरा दिवस असतो.

हे आपल्या मंडळ्यांत घडत नाही असे कोणी म्हणू नये. सर्वत्र घडते असेही आमचे म्हणणे नाही. पण ज्या घरी घडते त्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "आम्ही थोडेच मारले? ते तर मेलेलेच होते." ह्या वाक्याची आज शास्त्राच्या आधाराने तपासणी करावयाची आहे.

प्रथम विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. जलप्रलयानंतर देवाने नोहाला मांस खाण्याची मोकळीक दिली (उत्पत्ती ९:३). लेवीय १७:१३ मध्ये तर शिकाऱ्यासाठी स्वतंत्र नियमच आहे. रानातील पशू किंवा पक्षी धरला तर त्याचे रक्त ओतून मातीने झाकावे. म्हणजे शिकार करणे हे मुळात पाप आहे असे शास्त्र म्हणत नाही. यापो येथे पेत्राला दृष्टांत झाला आणि अमुक मांस शुद्ध, अमुक अशुद्ध हा भेद गेला. तेव्हा कोणी ख्रिस्ती मनुष्य सांभराच्या मटणाला "विटाळ" म्हणून नाके मुरडू लागला तर तो शास्त्राबाहेरचे बोलतो. आमचा मुद्दा विटाळाचा नाहीच.

आणखी एक वचन हुशार माणसे पुढे करतात. करिंथकरांस लिहिताना पौलाने सांगितले आहे की, बाजारात जे मांस विकते ते विवेकासाठी चौकशी न करता खावे (१ करिंथ १०:२५). पण त्या ओळीवर बोट ठेवून थांबू नये, तीन वचने पुढे जावे. ते मांस कोठून आले हे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नये, असे तोच पौल म्हणतो. मागच्या दाराने रात्री आलेल्या पिशवीबद्दल कोणी वेगळे सांगण्याची गरज उरते काय? चौकशी न करता खा हा नियम उघड्या बाजारासाठी होता. जिथे विकणारा दिवा मालवून येतो तिथे उत्तर आधीच मिळालेले असते.

आणि "मेलेलेच होते" ह्याला आमच्या प्रभूच्याच बोलण्यात उत्तर आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो त्याप्रमाणे दोन चिमण्या एका दमडीला मिळत. लूकाच्या बाराव्या अध्यायात मात्र पाच चिमण्या दोन दमड्यांना आहेत. हिशेब करून पाहा. दोन दमड्यांना चारच यायला हव्यात. पाचवी फुकट. विकणाऱ्याने गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून वर टाकलेली. ह्या चिमण्या पिंजऱ्यात पाळायला विकत नसत, त्या गरिबांच्या ताटासाठी असत. म्हणजे प्रभू रानच्या मांसाच्या बाजाराबद्दलच बोलत होता. त्या पाचव्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे तो म्हणाला. ती तर मेलेलीच होती, आणि तिला किंमतही नव्हती. पण ती पकडली गेली ती गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक नसते तर जाळे लागले नसते.

घरट्याच्या आज्ञेचा गाभा हा आहे की मुद्दल आणि व्याज वेगळे ठेवावे. पिले हे व्याज, आई हे मुद्दल. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. कितीही उपास पडले तरी तो बियाण्याचे धान कांडत नाही. पण रानातली आई ही कोणाच्या कोठीत नसल्यामुळे तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. रानडुकरीण एका वेळी चार-सहा पिले देते, म्हणून तो प्राणी तग धरून आहे. चितळाच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पाडस होते. गव्याला एकच. खवल्या मांजराला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते, आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरते. त्याच्या खवल्यांसाठी परदेशांत इतकी मागणी की २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेने त्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. तारेच्या फासाला आई कोण आणि पिल्लू कोण हे समजत नाही. गाभण मादी कोणती हेही समजत नाही. फास लावणारा घरी झोपलेला असतो आणि घरट्याची आज्ञा रात्रभर मोडली जात असते.

आणि हे केवळ तत्त्वाचे बोलणे नव्हे. आपल्या दाराशी ते घडून गेले आहे. कान्हाच्या मैदानांवर जे बारासिंगे चरतात, त्यांची ही कठीण जमिनीवर राहणारी जात एकेकाळी मध्य भारतात दूरवर पसरलेली होती. शिकार आणि गवताळ मैदानांचा नाश ह्यांमुळे १९७० साली ते फक्त ६६ उरले, आणि ते सारे कान्हात. पृथ्वीच्या पाठीवर इतरत्र एकही नव्हता. तेथून कुंपण घालून, गवत राखून आणि शिकार थांबवून त्यांची संख्या हजाराच्या आसपास नेली गेली, आणि २०१५ पासून काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडले. ६६ म्हणजे एका बऱ्यापैकी मंडळीतल्या रविवारच्या हजेरीएवढे!

येथे कोणी विचारील, मग ह्याला जबाबदार कोण? जंगलात राहणारे गोंड आणि बैगा बांधव? आम्हांला वाटते की ह्या प्रश्नावर आपल्या मंडळ्यांत फार घाईने बोट दाखवले जाते, म्हणून थोडे थांबून पाहू. इंग्रजी अमलात ही जंगले राखीव झाली. बैगांची बेवर शेती बंद करत आणली गेली, आणि १८९० साली मंडला जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीत बैगा चक म्हणून एक ठरावीक भूभाग त्यांना नेमून दिला गेला. ज्यांचे पोट जंगलावर होते त्यांना जंगल बंद झाले, आणि त्याच काळात साहेबलोक, राजेरजवाडे व बडे पाहुणे परवाने घेऊन वाघ आणि सांभर मारत राहिले. आपल्या देशात वाघाच्या शिकारीवर सर्वत्र बंदी आली ती १९७० साली, आणि वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली. मिशनचे काही साहेबही हौशी शिकारी होते. त्यांनी गोंडांमध्ये शाळा व दवाखाने चालवले ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो, पण बंगल्याच्या भिंतीवरची शिंगे काही शुभवर्तमानाचा भाग नव्हती. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प आला, आणि त्यासाठी गावेच्या गावे उठून बाहेर आली. बारासिंगे वाचले त्याची किंमत कोणी मोजली हेही आपण स्मरणात ठेवावे.

शिवाय गोंडांच्या कुळाकुळांत देवक मानण्याची चाल आहे. ज्या कुळाचे जे जनावर देवक, त्या कुळाचा मनुष्य ते मारत नाही. आपण तो धर्म सोडला आहे, परंतु हात आवरण्याची ती सवय त्यांच्याकडे होती हे नाकारता येत नाही. आई-पिलांचा भेद न करणारा तारेचा फास बाजाराच्या मागणीबरोबर फोफावला. भुकेला मनुष्य एक ससा मारतो तेव्हा तो एक ससा असतो. शहरातल्या दहा घरांनी मागणी नोंदवली की दहा फास लागतात, आणि दहा फासांत सापडलेल्यांपैकी जे मागितले होते तेवढेच विकले जाते. बाकीचे तिथेच कुजते.

गणनेच्या अकराव्या अध्यायात हेच चित्र आहे. इस्राएलास मान्ना मिळत होता, रोजच्यापुरता. त्यांना मांस हवे झाले. वाऱ्याने समुद्राकडून लावे पक्षी आणले आणि छावणीभोवती टाकले. लोक त्या दिवशी दिवसभर, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही उठून गोळा करत राहिले, आणि ज्याने कमीत कमी गोळा केले त्याचेही दहा होमर भरले. एक होमर म्हणजे सुमारे एका गाढवाचे ओझे. एका कुटुंबाला दहा गाढवांची ओझी! पोटाला इतके लागत नाही. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे, आणि त्या जागेला किब्रोथ-हत्तव्वा, म्हणजे वासनेच्या कबरी, असे नाव पडले. ध्यानात घ्यावे की मांस देवानेच पाठवले होते. दोष मांसात नव्हता. ज्या हातांनी रात्रीसुद्धा थांबण्याचे नाकारले, त्या हातांत होता.

अमेरिकेत, जिथे चर्चच्या घंटा गावोगावी वाजत होत्या, तिथे लोकांनी हीच चूक केली. तिथे एक रानकबुतर होते, त्याचे थवे आकाश झाकून टाकत. आगगाडी आणि तारायंत्र आले, थवा कोठे उतरला ह्याची बातमी शहरात पोचू लागली, आणि पिंपे भरभरून कबुतरे बाजारात जाऊ लागली. शेवटचे कबुतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी शहरातल्या प्राणिसंग्रहालयात मेले. असंख्य होते म्हणून कोणी मोजले नाही.

अलीकडे, २०१८ साली, जगातील राष्ट्रांची जैवविविधतेविषयी परिषद इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे भरली होती. रानच्या मांसाविषयी तिने मार्गदर्शक सूचना मान्य केल्या. त्यांचा आशय साधा आहे : जंगलावर पोट असणाऱ्या लोकांची गरज एक गोष्ट आहे आणि शहरातील मागणी दुसरी, पहिलीला झेपेल इतकी सोय ठेवावी व दुसरी कमी करावी. आम्हांला गंमत वाटली ती जागेची. शर्म अल-शेख हे सीनाय द्वीपकल्पाच्या टोकाला आहे. लावे जिथे पडले तो मुलूख तोच.

आता दुसरी आज्ञा, कठड्याची. ही वाचताना आमच्या डोळ्यांपुढे धानाच्या बांधावरून गेलेली ती उघडी तार येते. आपल्या भागातल्या प्रत्येक वाचकाला ती माहीत आहे. विजेच्या खांबावर आकडा टाकायचा, कधीकधी ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवरसुद्धा, आणि जी. आय. तार खुंट्यांवरून गुडघाभर उंचीने जंगलाच्या कडेने ओढायची. रानडुक्कर आले की चिकटते. कोणी पीक वाचवण्यासाठी लावतो, कोणी मटणासाठी. बहुतेक वेळा दोन्ही हेतू मिसळलेले असतात. पण विजेला डुक्कर कोण आणि वाघ कोण हे कळत नाही. २०१७ सालच्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड परिसरात श्रीनिवास नावाचा तरुण वाघ अशाच तारेला लागून मेला आणि पुरून टाकलेला सापडला. तो नागझिरा आणि उमरेड-करांडल्याच्या जंगलांतला प्रसिद्ध वाघ जय ह्याचा बछडा होता. मध्य प्रदेशातही वाघ आणि बिबटे ह्याच तारांनी मरतात. आणि माणसेही मरतात! पहाटे परसाकडे निघालेला, मोहफुले वेचायला गेलेली, आपल्याच शेतात पाणी पाहायला उतरलेला. तार लावणाऱ्याचा सख्खा भाऊ त्याच तारेला लागल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी. "माझा तसा हेतू नव्हता" हे शास्त्राला पुरेसे वाटत नाही. आज त्या खड्ड्याच्या जागी तार आहे. अनुवादात तर ह्याहून कडक शब्द आहे : रक्ताचा दोष घरावर येतो. म्हणजे तार लावणाऱ्या एकट्यावर नव्हे. त्या घरात जे जेवतात त्यांच्यावर. आणि मटण विकत गेले असेल तर ते ज्या घरी शिजले त्या घरावर नाही, असे आम्हांला तरी म्हणता येत नाही.

गावठी बॉम्ब ही ह्याहून क्रूर रीत आहे. खाण्यात दारूगोळा गुंडाळून ठेवतात आणि जनावराचा जबडा फुटतो. शेजाऱ्याची गायही तेच खाते. २०२० साली केरळात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटाने तोंड फुटून नदीत उभी राहून मेली, तेव्हा सारा देश हळहळला.

परंतु शेतकऱ्याच्या बाजूने बोलल्याशिवाय हे प्रवचन अर्धवट राहील. धान निसवत असताना डुकरांचा कळप एका रात्रीत शेत लोळवून टाकतो. ज्याने कर्ज काढून रोवणी केली त्याला देवाच्या सृष्टीवर प्रेम कर असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. म्हणून मंडळीने आधी त्याच्या बांधावर जावे. कायद्यात त्याच्यासाठी वाट आहे. रानडुकरासारखे जनावर उभ्या पिकाचा नाश करत असेल तर अधिकृत परवानगीने ते मारता येते. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते. हे सर्व कागदाचे काम आहे, आणि आमच्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक, पटवारी आणि कारकून काही कमी नाहीत. ज्या भावाला अर्ज लिहिता येत नाही त्याच्याबरोबर तहसिलीत एक दिवस जाऊन बसणे ही ख्रिस्ती सेवा आहे. जुन्या काळी गावातली माणसे पाळीपाळीने मचाणावर जागलीला जात. आता जो तो आपल्या शेतापुरता आणि म्हणून तारेवर भरवसा. एका वस्तीतल्या पाच-सात ख्रिस्ती कुटुंबांनी निसवण्यापासून कापणीपर्यंत जागलीच्या पाळ्या लावल्या तर तारेची गरज निम्म्याने कमी होईल असे आमचे मत आहे. तरुणसंघाला आणखी कोणता कार्यक्रम हवा?

दुसरी गोष्ट तुरुंगाची. ससा असो वा घोरपड, जाळ्यात धरणे, मारणे, मांस बाळगणे, विकत घेणे हे सर्व गुन्हे आहेत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत कमीत कमी तीन वर्षे व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. मोर, घोरपड, खवल्या मांजर ही सर्व त्या अनुसूचीत आहेत. पण धाड पडते तेव्हा सापडतो तो बहुधा फास लावणारा गरीब पोरगा. ज्यांनी फोन करून मागवले ते हात धुऊन रविवारी बाकावर येऊन बसलेले असू शकतात. त्या पोराची बायको वकिलासाठी दारोदार फिरत असते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तुरुंगात भेटायला येण्याविषयी प्रभूने जे सांगितले आहे, त्यात कैदी निरपराध असला तरच जावे अशी अट नाही. मंडळीच्या वडिलांनी अशा घरी जावे. आणि ज्यांनी मटण विकत घेतले त्यांच्याही घरी जावे; हे दुसरे जाणे अधिक अवघड आहे, कारण अशा घरची वर्गणी मोठी असते.

मंडळ्यांना हे जमणार नाही असे कोणी म्हणेल तर नागालँडकडे पाहावे. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाणारे अमूर ससाणे वाटेत वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाजवळ उतरतात. २०१२ सालच्या हंगामात मासे धरण्याची जाळी झाडांत टांगून ते लाखाच्या वर पकडले गेले, असा अंदाज आहे. पाखरे भाजून, माळा करून विकत होते. ती माणसे आपल्यासारखीच ख्रिस्ती होती. रविवारी चर्चला जाणारी, बायबल वाचणारी. त्या छायाचित्रांनी देशभर गहजब झाला. मग पांगती आणि आसपासच्या गावांत ग्रामसभा, मंडळ्या, संस्था व सरकार एकत्र बसले, जाळी गुंडाळली गेली, आणि २०१३ साली त्या जागी शिकार जवळजवळ पूर्णपणे थांबली. एका वर्षात! ज्यांची कमाई बुडाली त्यांनी तक्रारही केली, आणि ती खोटी नव्हती. पाखरे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे काही घरांना पैसा मिळू लागला, सर्वांना नाही. तरी जाळी पुन्हा लागली नाहीत.

आपल्याकडे आरंभ कोठून करावा? आमची सूचना जेवणावळीपासून करण्याची आहे. लग्नाच्या आणि नाताळच्या जेवणात बोकड, कोंबडी आणि तळ्यातले मासे असावेत; रानचे काही वाढले जाणार नाही एवढे यजमानाने आधीच सांगावे, म्हणजे कोणी पाहुणा हळूच विचारणार नाही. वयस्कर इसहाकाला एसावाच्या शिकारीची इतकी गोडी होती की त्या घरात आशीर्वादाची चोरी होण्यापर्यंत गोष्ट गेली; पाहुण्याच्या जिभेसाठी आपल्या घरात काय काय चालते ते यजमान-यजमानिणींनी पाहावे. कापणीच्या उपासनेआधी वडिलांनी शेतकरी बांधवांबरोबर एक संध्याकाळ बसून तारांविषयी मोकळेपणाने बोलावे. नावे विचारू नयेत. ज्याने तार काढून आणून दिली त्याच्याकडून ती घ्यावी आणि त्याच्या शेताची जागल त्या आठवड्यापासून सुरू करावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक शब्द. अनुवाद २२:६-७ हा पाठ आपल्या पुस्तकांत बहुधा सापडणार नाही, पण मुलांना ह्याच्याइतका सोपा पाठ दुसरा नाही. उन्हाळ्याच्या सुटीत शास्त्रशाळा भरते त्या वेळी टिटवी उघड्या रानात, ढेकळांतच अंडी घालते. चार अंडी, मातीच्या रंगाची. पवित्र शास्त्रात भुईवरचे घरटे म्हटले आहे ते आमच्या समजुतीने अशा तऱ्हेचे. वर्गाला सकाळी लवकर बाहेर न्यावे, बांधावर बसवावे आणि टिटवी अंड्यांवर परत येऊन बसेपर्यंत गप्प राहायला सांगावे. मोठ्या मुलांना हे लहानांपेक्षा जड जाते. फार जवळ जाऊ नये, नाही तर ती ओरडून डोक्यावर घिरट्या घालू लागेल आणि उन्हात अंडी उघडी पडतील. निघण्याआधी गलोली सर्वांच्या खिशांतून काढून शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवून घ्याव्यात.